उपरोधिक मुद्राचित्रे व धार्मिक कला, ब्रिटिश (अठरावे शतक)

उपरोधिक मुद्राचित्रे व धार्मिक कला, ब्रिटिश : अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये ताम्रपटावरून छापून विकल्या जाणाऱ्या सुट्या चित्रांपैकी ज्यांत चर्चमधील वेदीचित्रे, यूरोप खंडातून आयात केलेली संतचित्रे, बायबलमधील प्रसंगांवरील भव्य रचना आणि त्यांचे रसिक व व्यापारी यांची थट्टा केली आहे, अशा चित्रांचा वर्ग. ही चित्रे उत्कीर्णन वा अम्लरेखन या पद्धतींनी तयार होत. विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) हा या वर्गाचा प्रवर्तक व सर्वांत समर्थ कलावंत, तर जेम्स गिलरे (१७५६–१८१५) हा त्याचा शतकाच्या अखेरीचा वारसदार होय. या चित्रांना केवळ धर्मनिंदा म्हणणे किंवा केवळ विनोद म्हणून सोडून देणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पवित्र विषय दृश्यरूपात मांडावा काय, मांडल्यास कोणत्या शैलीत आणि कोणासाठी, हा त्या काळातील इंग्‍लंडमधील अनिर्णित प्रश्न त्यांत चर्चिला गेला आहे.

पार्श्वभूमी : सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर इंग्‍लंडमधील चर्चमधून मूर्ती व चित्रे मोठ्या प्रमाणावर काढून टाकण्यात आली. चर्च ऑफ इंग्‍लंडच्या एकोणचाळीस धर्मसूत्रांतील बाविसाव्या सूत्राने प्रतिमापूजा व अवशेषपूजा यांचा निषेध केला. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग याने इंग्‍लंडच्या पूर्व भागातील शेकडो चर्चमधील प्रतिमांचा विध्वंस केला. परिणामी इटलीत वा फ्लँडर्समध्ये चित्रकाराला ज्या आश्रयदात्याकडून सर्वांत मोठी कामे मिळत, तो आश्रयदाता म्हणजे चर्च, इंग्‍लंडमध्ये उरला नाही. १७७३ मध्येदेखील सर जॉशुआ रेनल्ड्झ (१७२३–९२) व रॉयल अकॅडमीचे अन्य सभासद यांनी सेंट पॉल कॅथीड्रल विनामूल्य चित्रांकित करून देण्याची तयारी दर्शविली असता लंडनच्या बिशपने ती नाकारली.

याउलट, चर्चमधून हद्दपार झालेले संत सरदारांच्या दिवाणखान्यांत मात्र मानाने येऊन बसले. यूरोपचा प्रवास करून आलेले तरुण उमराव इटालियन चित्रे घेऊन येत. लिलावांतून व दलालांमार्फत मूळ चित्रांबरोबर त्यांच्या नकलाही खपत. जी प्रतिमा वेदीवर असल्यास मूर्तिपूजा ठरे, ती भिंतीवर असल्यास अभिरुचीची खूण ठरे. या विसंगतीवरच उपरोधिक चित्रांची उभारणी झाली आहे. तिच्यात राजकारणाचीही भर होती. पदच्युत स्ट्यूअर्ट घराणे कॅथलिक होते आणि त्याच्या अनुयायांनी १७१५ व १७४५ मध्ये बंड केले. त्यामुळे कॅथलिक वळणाचे चित्र हे परकीय सत्तेचे चिन्ह म्हणूनही संशयास्पद वाटे.

वेदीचित्राचे विडंबन : या प्रकारातील पहिले महत्त्वाचे चित्र १७२५ मधील आहे. लंडनच्या सेंट क्लेमंट डेन्स या चर्चसाठी विल्यम केंट (१६८५–१७४८) याने वाद्ये वाजविणाऱ्या देवदूतांचे वेदीचित्र रंगविले होते. त्यातील एका आकृतीत स्ट्यूअर्ट दावेदाराची पत्नी क्लेमेंटिना सोबिएस्का हिचे साम्य आहे, असा बोभाटा झाला आणि बिशप एडमंड गिब्सन याच्या आज्ञेने ते चित्र उतरविण्यात आले. होगार्थने लगेच त्या चित्राची तथाकथित ‘हुबेहूब’ प्रतिकृती छापून प्रसिद्ध केली. तीत देवदूतांची शरीरे बेढब आहेत व हातपायांचा मेळ कोठेच लागत नाही. आकृत्यांना अक्षरांच्या खुणा करून खाली गंभीरपणे खुलासा दिला आहे : ही दावेदाराची पत्नी व मुले नसून देवदूतांचा गायकवृंद आहे, वीणावादक देवदूताचा दिसणारा पाय उजवा की डावा याचा अद्यापि शोध लागलेला नाही, दुसरा पाय वाद्याला जागा व्हावी म्हणून विचारपूर्वक गाळला आहे.

या विडंबनाचे मर्म त्याच्या निष्कर्षात आहे. लोकांनी चित्रात राजद्रोह शोधला. होगार्थने दाखविले, की त्यात सदोष रेखनाशिवाय काहीच नाही. वादाचा विषय धर्म व राजनिष्ठा यांच्यावरून त्याने कलेच्या गुणवत्तेवर आणला. अर्थात ही भूमिका निरपेक्ष नव्हती. लॉर्ड बर्लिंग्टनच्या आश्रयामुळे केंटला केन्सिंग्टन राजवाड्याचे जे काम मिळाले, ते सर जेम्स थॉर्नहिल (१६७५ वा १६७६–१७३४) याच्या हातून गेले होते. सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट रंगविणाऱ्या थॉर्नहिलविषयी होगार्थला नितांत आदर होता व १७२९ मध्ये तो त्याचा जावई झाला. आदल्या वर्षीच्या मॅस्करेड्स अँड ऑपेराज (१७२४) या चित्रातही त्याने बर्लिंग्टनच्या प्रवेशद्वाराच्या शिखरावर केंटचा पुतळा उभा करून मायकेलअँजेलो व रॅफेएल यांना त्याच्या पायाशी बसविले होते. तेव्हा केंटच्या वेदीचित्रावरील हल्ल्यात कलाविषयक न्यायबुद्धीबरोबर पक्षाभिमानही होता, हे मान्य केले पाहिजे.

दिवाणखान्यातील संत : १७३२ मध्ये अ हार्लट्स प्रोग्रेस (म. शी. एका वेश्येची वाटचाल) ही सहा चित्रांची मालिका एका गिनीला वर्गणीदारांना देण्यात आली. ती इतकी खपली, की तिच्या चोरट्या नकला बाजारात आल्या. त्यांना आळा घालण्यासाठी होगार्थ व त्याचे सहकारी यांनी केलेल्या प्रयत्नांतून १७३५ चा कायदा झाला व मुद्राचित्रकाराला आपल्या कृतीवर चौदा वर्षांचा हक्क मिळाला. आश्रयदात्याची मर्जी न सांभाळता त्याच्याच अभिरुचीची थट्टा करणे कलावंताला परवडू लागले, ते बऱ्याच अंशी या कायद्यामुळे. उपरोधाच्या इतिहासात त्याचे महत्त्व म्हणून मोठे आहे.

या मालिकेच्या दुसऱ्या चित्रात नायिकेला ठेवणाऱ्या धनिक ज्यू गृहस्थाच्या भिंतीवर जुन्या करारातील दोन प्रसंग टांगलेले आहेत : वेलीखाली बसलेला योना आणि कराराच्या कोशाला हात लावताच मृत्यू पावणारा उज्जा. मॅरिज आ-ला-मोड (१७४५) या मालिकेत ही युक्ती अधिक धारदार झाली. मुलाच्या लग्नाचा सौदा करणाऱ्या अर्लच्या भिंतींवर संत लॉरेन्सचे हौतात्म्य, होलोफर्नीझचा शिरच्छेद करणारी ज्यूडिथ अशी रक्तरंजित इटालियन चित्रे आहेत. दुसऱ्या चित्रातील आतल्या दालनात संतांची पूर्णाकृती चित्रे ओळीने लावलेली असून त्यांच्या शेजारीच पडद्याआड झाकलेल्या एका चित्रातून केवळ उघडे पाऊल बाहेर डोकावते. येथे संतचित्र विद्रूप केलेले नाही, ते आहे तसे राहू दिले आहे. त्याला नग्नचित्राच्या रांगेत बसविणारा संग्राहक उघडा पडला आहे. होगार्थच्या उपरोधाचे हे सर्वांत परिपक्व रूप म्हणता येईल.

अमेरिकन अभ्यासक रॉनल्ड पॉल्सन याने याहून पुढे जाऊन, वेश्येच्या मालिकेतील रचना मरीयेच्या जीवनावरील व ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पारंपरिक चित्रांच्या विडंबनात्मक आवृत्त्या आहेत, असे प्रतिपादन केले. काही रचनांच्या बाबतीत हे साम्य पटण्याजोगे आहे. परंतु प्रत्येक बसलेल्या स्त्रीत मरीया व प्रत्येक मेजाभोवतीच्या घोळक्यात शेवटचे भोजन पाहू लागल्यास शोध आणि कल्पना यांतील सीमारेषा पुसट होते. मरीयेच्या चित्रांशी मिळतीजुळती रचना करुणेसाठीही वापरली जाऊ शकते. पतित मुलीच्या शोकांतिकेला पवित्र कथेचा आकार दिल्याने कथा हास्यास्पद ठरते, की मुलीला प्रतिष्ठा मिळते, हे निश्चित सांगता येत नाही; आणि ही अनिश्चितताच त्या मालिकेचे बळ आहे.

व्यापाऱ्यांविरुद्धची लढाई : १७३७ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या एका वृत्तपत्रीय पत्रात होगार्थने मृत ख्रिस्त, पवित्र कुटुंब व मरीया यांची चित्रे जहाजे भरभरून आणणाऱ्या दलालांची खिल्ली उडविली. द बॅटल ऑफ द पिक्चर्स (१७४५, म. शी. चित्रांची लढाई) हे त्याचे दृश्यरूप होय. होगार्थने स्वतःच्या चित्रांचा जो लिलाव केला, त्याची ही प्रवेशिका होती. तीत जुन्या चित्रांच्या पलटणी होगार्थच्या नव्या चित्रांवर चालून येतात व त्यांना फाडतात. पश्चात्तापदग्ध मग्दालीया मरीयेचे चित्र वेश्येच्या मालिकेतील तिसऱ्या चित्रावर तुटून पडते. क्रूस घेतलेल्या संत अँड्रूच्या चित्रामागे त्याच्या नकलांची रांग लागलेली असून प्रत्येकीवर ‘सदर’ अशा अर्थाची खूण आहे. संत येथे हास्यास्पद ठरतो तो पावित्र्यामुळे नव्हे, तर घाऊक उत्पादनामुळे. पुढे टाइम स्मोकिंग अ पिक्चर (१७६१, म. शी. चित्राला धुरी देणारा काळ) यात काळपुरुषाला एका भग्न पुतळ्यावर बसवून चिलमीचा धूर चित्रावर सोडताना दाखविले. शेजारी रोगणाचा बुधला आहे. कालौघात चित्रे अधिक सुंदर होतात, या व्यापारी समजुतीला दिलेले हे उत्तर होते.

विडंबनकाराचे आत्मविडंबन : होगार्थ धार्मिक चित्रांचा शत्रू होता, असे यावरून मानणे चूक ठरेल. सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयाच्या जिन्यासाठी त्याने बेथेस्दा येथील तळे (१७३६) व चांगला शोमरोनी (१७३७) ही भव्य चित्रे रंगविली. फाउंडलिंग रुग्णालयासाठी फारोच्या कन्येपुढे आणलेला बाल मोशे (१७४६) व लिंकन्स इन या विधिसंस्थेसाठी फेलिक्ससमोर पौल (१७४८) ही चित्रे तयार केली. ब्रिस्टलच्या सेंट मेरी रेडक्लिफ चर्चसाठी १७५५-५६ मध्ये त्याने त्रिदली वेदीचित्रही केले व त्याबद्दल त्याला ५२५ पौंड मिळाले. हँप्टन कोर्टमधील रॅफेएलच्या आराखड्यांचा, विशेषतः प्रेषितांच्या कृत्यांवरील दृश्यांचा, आदर्श त्याच्यासमोर होता.

अशा स्थितीत १७५१ मध्ये त्याने स्वतःच्याच फेलिक्ससमोर पौल या रचनेचे विडंबन अम्लरेखनाने प्रसिद्ध केले. त्याच्या दोन गंभीर बायबलचित्रांच्या मुद्रांसाठी वर्गणी भरणाऱ्यांना ते पावती म्हणून मिळे. त्यात ठेंगणा, लठ्ठ पौल तिवईवर उभा राहून हातवारे करीत आहे; त्याचा रक्षक देवदूत झोपी गेला आहे व एक छोटा सैतान तिवईचा पाय करवतीने कापत आहे. पौलाचे बोलणे ऐकून फेलिक्स भयभीत झाला, एवढेच मूळ वचनात आहे; होगार्थने भीतीचा शारीरिक परिणाम दाखवून शेजाऱ्यांना नाक धरावयास लावले आहे. हे चित्र ‘अस्सल डच अभिरुची’त खरडले असल्याचे त्यावर नमूद केले आहे, आणि रोख उघडपणे रेम्ब्रँटवर व त्याच्या मुद्रांसाठी वेड्या झालेल्या संग्राहकांवर आहे.

या कृतीचे मूल्यमापन दुहेरी करावे लागते. पवित्र पुरुषांना सामान्य माणसांची शरीरे देण्यात रेम्ब्रँटचे जे श्रेष्ठत्व आहे, तेच येथे दोष म्हणून दाखविले आहे. आज हा निवाडा अन्यायकारक वाटतो. शिवाय सामान्यांच्या जीवनात गांभीर्य शोधणाऱ्या होगार्थनेच तो द्यावा, हे अधिकच विचित्र आहे. तथापि विडंबनाशेजारी गंभीर चित्र ठेवल्यास अनपेक्षित परिणाम होतो. गंभीर पौल भारदस्त परंतु निर्जीव आहे. विडंबनातील पौल हास्यास्पद परंतु जिवंत आहे. भव्य ऐतिहासिक शैलीत होगार्थने हात घातला, हे त्याचे अविचारी धाडस होते, असे मत रेनल्ड्झने १७८८ च्या व्याख्यानात मांडले. ते कठोर असले, तरी त्याचा पुरावा होगार्थनेच आपल्या हाताने छापून ठेवला होता.

प्रतिमा आणि श्रद्धा : या वर्गातील सर्वांत सखोल कृती म्हणजे एन्थूझिअ‍ॅझम डिलिनिएटेड (सु. १७६०-६१, म. शी. धर्मोन्मादाचे चित्रण). तिच्या मोजक्याच प्रती निघाल्या व ती होगार्थने प्रसिद्ध केली नाही. तीत व्यासपीठावरील उपदेशक एका हातात देवपित्याचे व दुसऱ्या हातात सैतानाचे बाहुले नाचवितो. देवपित्याची आकृती रॅफेएलच्या रचनेवर बेतलेली आहे. व्यासपीठाभोवती आदाम-हव्वा, पेत्र-पौल, मोशे-अहरोन यांची बाहुली टांगलेली आहेत. खाली उन्मत्त श्रोत्यांपैकी काहीजण ख्रिस्ताच्या लहान मूर्ती चावून खात आहेत. उपदेशकाचा टोप उडाल्याने कॅथलिक संन्याशाचे मुंडण दिसते व झग्याखालून विदूषकाचा पोशाख डोकावतो. मेथडिस्ट प्रवचनकाराचा आवेश व कॅथलिक प्रतिमापूजा ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत, असे यातून सुचविले आहे. पवित्र गोष्टींचा शब्दशः व स्थूल अर्थ लावणे आणि चर्चमधील चित्रे व धर्मग्रंथांतील मुद्रा यांचा मूर्तिपूजेकडे असलेला कल, हे आपले लक्ष्य असल्याचे होगार्थने त्यावर स्पष्ट केले आहे.

हा विचार विलक्षण धाडसी आहे. अदृश्याला देह दिला, की तो बाहुला होतो. मग तो देह रॅफेएलने दिलेला असो की बाजारातील मूर्तिकाराने. स्वतः वेदीचित्र रंगविलेल्या चित्रकाराने असे म्हणणे, म्हणजे आपल्याच व्यवसायावर आक्षेप घेणे होते. हेच चित्र वाचकाच्या हाती पडले, तर तेही पवित्र विषयाची विटंबना समजले जाईल, ही भीती रास्त होती. १७६२ मध्ये ताम्रपटात फेरफार करून क्रेड्युलिटी, सुपरस्टिशन अँड फनॅटिसिझम (म. शी. भाबडेपणा, अंधश्रद्धा व धर्मवेड) या नावाने ते प्रसिद्ध झाले. देवपित्याच्या जागी झाडूवर बसलेली चेटकीण आली, संतांची बाहुली गेली, आणि त्यांच्याऐवजी १७२६ मध्ये सशांना जन्म दिल्याची बतावणी करणारी मेरी टॉफ्ट व १७६२ मध्ये लंडनभर गाजलेले कॉक लेनचे भूत यांसारखे लोकप्रवाद आले. खिडकीबाहेर एक तुर्क शांतपणे चिलीम ओढीत हा गोंधळ पाहात असतो. हॉरिस वॉल्पोलने या दुसऱ्या आवृत्तीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. समाजोपहास म्हणून ती अधिक सुगम आहे यात संशय नाही; पण पहिल्या आवृत्तीत कलेने स्वतःला विचारलेला प्रश्न तिच्यातून नाहीसा झाला. पहिली आवृत्ती प्रतिमेविषयी आहे, दुसरी अफवांविषयी.

गिलरे व राजकीय वळण : शतकाच्या अखेरच्या दशकात धार्मिक चित्ररचना ही उपहासाचे लक्ष्य न राहता उपहासाचे साधन बनली. प्रिसेजेस ऑफ द मिलेनियम (१७९५) यात गिलरेने पंतप्रधान पिटला प्रकटीकरणाच्या पुस्तकातील फिकट घोड्यावरील मृत्यूचे रूप दिले. त्या काळी हा विषय चित्रकारांचा आवडता होता व रिचर्ड ब्रदर्स या स्वयंघोषित भविष्यवाद्यामुळे लोकांच्या तोंडीही होता. दि अपॉथिओसिस ऑफ ऑश (१७९८) यात फ्रेंच सेनापती ऑश हा स्वर्गारोहणाच्या चित्रांतील संताप्रमाणे आकाशात बसून गिलोटीनची वीणा वाजवितो. वर दहा आज्ञांमधील निषेध गाळून त्यांचा उलटा पाठ दिला आहे. बरोक शैलीतील दैवी वैभवाचा सारा पसारा येथे इतक्या प्रभुत्वाने हाताळला आहे, की विडंबन मूळ शैलीच्या तोडीस तोड ठरते.

या वळणातील धोका द प्रेझेंटेशन, ऑर द वाइझ मेन्स ऑफरिंग (१७९६, म. शी. ज्ञानी पुरुषांचे अर्पण) या चित्राने उघड झाला. युवराजाला कन्या झाली, त्या प्रसंगी विरोधी पक्षनेते फॉक्स व शेरिडन हे बाळाच्या पार्श्वभागाचे चुंबन घेत असल्याचे त्यात दाखविले होते. रचना बाल येशूला वंदन करणाऱ्या पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांच्या प्रसंगाची होती. याबद्दल गिलरेवर धर्मनिंदेचा आरोप ठेवून जानेवारी १७९६ मध्ये त्याला अटक झाली. खटला मात्र पुढे चालला नाही. चित्रात ख्रिस्तावर टीका नव्हती; थट्टा लाळघोट्या राजकारण्यांची होती. तरीही पवित्र रचनेची चौकट उसनी घेणे हाच गुन्हा मानण्यात आला. धर्मनिंदेचा कायदा कोणाच्या संरक्षणासाठी वापरला जातो, हा प्रश्न यातून उभा राहिला. १८१७ च्या डिसेंबरमध्ये धर्मविधींच्या राजकीय विडंबनाबद्दल विल्यम होन याच्यावर तीन दिवसांत तीन खटले चालले आणि तिन्ही वेळा ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. विडंबनाची चौकट व विडंबनाचे लक्ष्य हे दोन वेगळे असू शकतात, ही गोष्ट सामान्य नागरिकांना कळत होती, हे या निकालांवरून दिसते. इंग्‍लंड व वेल्समधील धर्मनिंदेचा पारंपरिक गुन्हा २००८ मध्ये रद्द झाला.

मर्यादा व मूल्य : या चित्रांतील पूर्वग्रह दृष्टिआड करता येत नाहीत. द गेट ऑफ कॅले (१७४९) यात माणसासारखा चेहरा असलेल्या माशापुढे भक्तिभावाने वाकलेल्या कोळणी, गोमांसाकडे आधाशीपणे पाहणारा लठ्ठ धर्मगुरू व वेशीपलीकडून चाललेली पवित्र भाकरीची मिरवणूक यांची सांगड घालून एका संपूर्ण समाजाची भक्ती भूक व भाबडेपणा यांवर आणून सोडली आहे. दि इन्व्हेजन (१७५६) या युद्धकालीन चित्रात फ्रेंच संन्यासी छळाची हत्यारे गोळा करताना दिसतो. कॅथलिकांना दिलेल्या मर्यादित सवलतींविरुद्ध १७८० मध्ये लंडनमध्ये ज्या भीषण दंगली झाल्या, त्यांना अशी चित्रे कारण झाली असे म्हणता येणार नाही. पण ज्या द्वेषातून त्या भडकल्या, त्याला हसतमुख चेहरा देण्याचे काम त्यांनी केले, हे नाकारता येत नाही. होगार्थचा उपरोध जेव्हा स्वतःच्या समाजातील दांभिक रसिकाकडे वळतो, तेव्हा तो शोधक असतो. जेव्हा समुद्रापलीकडे पाहतो, तेव्हा तो आत्मसंतुष्ट होतो.

विडंबन समजण्यासाठी मूळ चित्र परिचित असावे लागते, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. रॅफेएलची रचना न पाहिलेल्या माणसाला उपदेशकाच्या हातातील बाहुले केवळ बाहुले वाटेल. म्हणूनच प्रतिमांची थट्टा करणाऱ्या या मुद्रांनी त्या प्रतिमांची ओळख टिकवून धरली. केंटचे सेंट क्लेमंट डेन्समधील वेदीचित्र आज आठवले जाते, ते होगार्थने केलेल्या विटंबनेमुळे. या मुद्रांचे मोठे संग्रह ब्रिटिश म्यूझीयम येथे व येल विद्यापीठाच्या लूइस वॉल्पोल ग्रंथालयात आहेत. ब्रिटिश म्यूझीयमच्या संग्रहातील राजकीय व वैयक्तिक उपरोधचित्रांची अकरा खंडांची सूची १८७० ते १९५४ या काळात प्रसिद्ध झाली. तिचे अखेरचे सात खंड मेरी डॉरथी जॉर्ज या विदुषीने सिद्ध केले.

धर्माने प्रतिमा नाकारली, धनिकांनी ती विकत घेतली आणि व्यापाऱ्यांनी तिच्या नकला केल्या. या तिघांनाही उत्तर देण्याचे काम काही शिलिंगांना मिळणाऱ्या कागदाने केले. ते उत्तर नेहमीच न्याय्य होते असे नाही. परंतु पवित्र चित्रापुढे उभा असलेला माणूस नेमके कशाला नमस्कार करतो, देवाला, कलावंताला की किमतीला, हा प्रश्न त्या कागदाने सामान्य प्रेक्षकाच्या हाती दिला, आणि त्याचे उत्तर देण्याइतका तो प्रेक्षक जाणता आहे, असे गृहीत धरले.